विकू नये, बदलू नये

गेल्या महिन्यात दीपनगरला आमच्या वस्तीतल्या विहारात पोरांची बैठक झाली. विषय साधाच होता. एका मोठ्या शहरातल्या इंग्रजी शाळेचं पत्र आलं होतं. त्या शाळेची मुलं एका रविवारी आपल्या वस्तीत येणार. अभ्यासिकेच्या भिंती रंगवणार. दप्तरं, बूट, कंपासपेट्या वाटणार. त्या शाळेला परदेशातली एक शाळा जोडलेली आहे, तिथली मुलं पडद्यावरून आपल्या मुलांशी बोलणार. फोटो निघणार. नंतर आपल्या मुलांनी त्यांना पत्रं लिहायची. या सगळ्या कार्यक्रमाला पत्रात ‘मैत्री’ असं नाव दिलं होतं.

अर्धी पोरं म्हणाली, येऊ द्या. अर्धी म्हणाली, हाकलून द्या साल्यांना, आमच्या पोरांचा तमाशा करतात. एकजण म्हणाला, बाबासाहेबांनीसुद्धा महाराजांची मदत घेतलीच होती. दुसरा म्हणाला, भीक आणि शिष्यवृत्ती एक नाही. आवाज चढले. मग मागून कुणीतरी म्हणालं, काका, तुम्ही बोला. मी बोललो नाही. साठी ओलांडलेल्या माणसाकडे उत्तर तयार असतं असं पोरांना वाटतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आठवणी होत्या, आणि त्याही एका बाजूच्या नव्हत्या. बैठकीत ते सांगता आलं नाही म्हणून इथं लिहितो.

दोस्तांनो, आधी माझ्या दप्तराची गोष्ट ऐका.

१९७२ चा दुष्काळ. मी दहा वर्षांचा होतो. दीपनगरच्या पॉवर हाऊसचा पहिला संच १९६८ साली सुरू झाला, त्याच सुमाराला माझा बाप गाव सोडून इथं आला आणि ठेकेदाराच्या हाताखाली कोळशाच्या वाघिणी खाली करायला लागला. आई त्या वर्षी रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायची. रेशनला मिलो मिळायची. मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. आपल्या दादरच्या भाकरीची सवय असलेल्या आईच्या हाताला ती कधी वळलीच नाही. थापायला घेतली की कडेनं तुटायची, आणि आई त्या पिठाशी असं भांडायची जसं काही ते पीठ नाही, सवत आहे. शाळेत सुकडी मिळायची. ती मात्र गोड लागायची, हे कबूल केलं पाहिजे.

तर कुठून तरी आईनं परदेशी पिठाचं एक रिकामं कापडी पोतं मिळवलं. दोनदा सोड्यात धुतलं आणि मला त्याचं दप्तर शिवलं. पोत्यावर एक चित्र होतं, ते धुऊनसुद्धा गेलं नाही. दोन हात, एकमेकांत घट्ट धरलेले. खाली इंग्रजी अक्षरं. मला इंग्रजी येत नव्हतं. पण चित्र कळायचं. मला वाटायचं यातला एक हात माझा आहे. दुसरा तिकडच्या कुणातरी पोराचा. दोन्ही हात सारख्याच आकाराचे होते, हे मला फार आवडायचं. मी वर्गात दप्तर असं ठेवायचो की चित्र वर दिसलं पाहिजे.

आठवीत इंग्रजी जुळवून वाचता यायला लागलं तेव्हा ते दप्तर घराच्या कोपऱ्यात मीठ-मिरच्या ठेवायला गेलं होतं. एका दुपारी मी ती पुसट अक्षरं लावली. अमेरिकेच्या जनतेकडून. आणि त्याच्याखाली: विकू नये, बदलू नये.

यामागचा सरकारी हेतू मला आज कळतो. पीएल ४८० नावाचा कायदा अमेरिकेनं १९५४ साली केला, तिकडं उरलेलं धान्य बाहेर पाठवायची सोय त्यात होती. फुकट दिलेलं धान्य वाटेतच कुणी विकू नये, काळ्या बाजारात जाऊ नये म्हणून पोत्यावर तो मजकूर छापायचे. त्यात वाईट काही नाही. पण त्या दुपारी चौदा वर्षांच्या पोराला जे वाटलं तेही खोटं नव्हतं. वर दोन हात धरलेले आणि खाली ताकीद, की अदलाबदल करायची नाही. म्हणजे हातात हात आहे, पण तू मला काही देऊ शकत नाहीस. तुझ्याकडून काही इकडं येणार नाही. मग ते सारखे दोन हात कशाला काढले?

बैठकीतला सगळा वाद मला त्या पोत्यावर छापलेला दिसतो.

दुसरी गोष्ट स्वेटरची. १९७६ ची थंडी. मी ज्या शाळेत होतो तिथं मुंबईच्या एका शाळेतल्या मुलांनी गोळा केलेले गरम कपडे आले. मला एक निळा स्वेटर मिळाला. गळ्याच्या आत, पाठीकडच्या बाजूला, धोब्याकडे हरवू नये म्हणून नावाची छोटी पट्टी शिवलेली होती. एका मुलाचं नाव. मी ते नाव इथं देत नाही, पण अजून पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी फळ्यावर आभाराचं पत्र लिहिलं. सगळ्यांनी तेच उतरवायचं. आम्ही गरीब मुले, आपले उपकार जन्मभर, वगैरे. मी उतरवलं, आणि खाली जागा उरली होती म्हणून माझ्या मनानं चार ओळी वाढवल्या. लिहिलं की तुझं नाव मी वाचलं. तू कितवीत आहेस? तुमच्याकडे समुद्र आहे, तर त्याचा आवाज रात्री येतो का? आमच्याकडे पॉवर हाऊसची राख पडते, आई पापड वाळत घालते त्यावर पण पडते. इथून वीज तारेनं लांब जाते, बहुतेक तुमच्याकडे पण येत असेल. आमच्या घरी कंदील आहे.

गुरुजींनी त्या चार ओळींवर आडवी रेघ मारली. माणूस दुष्ट नव्हता. म्हणाले, “अरे, आभाराच्या पत्रात प्रश्न विचारायचे नसतात.” मी पत्र दुसऱ्या कागदावर कोरं करकरीत लिहून दिलं. गरीब मुले, उपकार, आपला नम्र.

त्या मुलाकडून काही उत्तर आलं नाही. येणार कसं? मी काही विचारलंच नव्हतं. चाळीस मुलांनी पाठवलेली चाळीस सारखी पत्रं तिकडं एका फळ्यावर टाचली असतील आणि पाहुण्यांना दाखवली असतील. तो पोरगा आणि मी, आम्हा दोघांची भेट एका कपड्याच्या आतल्या बाजूला झाली आणि तिथंच संपली.

पण थांबा. मी तो स्वेटर तीन हिवाळे घातला. मग धाकट्या भावानं घातला. पत्र परत लिहायला लावलं त्या दिवशी मी घरी येऊन तो काढून फेकला होता. आई चुलीपाशी होती. म्हणाली, “थंडी इचारते का रे, कोनं देल्लं म्हनून? तुले नको असंल तं धाकल्याले दे.” मी मुकाट्यानं परत घातला. तापीकाठची डिसेंबरातली पहाट ज्यानं उघड्या अंगानं काढली नाही त्यानं स्वाभिमानावर जपून बोलावं असं मला त्या दिवसापासून वाटतं. ‘हाकलून द्या’ म्हणणाऱ्या पोरांना माझं हे सांगणं आहे. लेख लिहून गारठा जात नाही.

मग अडचण कुठं आहे? देण्यात आहे? घेण्यात आहे? मला वाटतं अडचण नावात आहे. स्वेटर दिला, ठीक. त्याला मैत्री म्हणाले तिथं लबाडी सुरू झाली.

आपल्या चळवळीनं हा प्रश्न फार आधी आणि फार कडक विचारलेला आहे. १९३२ च्या पुणे करारानंतर लगेच सप्टेंबरच्या शेवटी अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय मंडळ निघालं, तेच पुढे हरिजन सेवक संघ झालं. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष, अमृतलाल ठक्कर चिटणीस. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला निघाले होते. बोटीवर बसून त्यांनी नोव्हेंबरात ठक्करांना लांबलचक पत्र लिहिलं. त्याचा सारांश असा, की एकेका अस्पृश्याला सुधारत बसू नका. दारूबंदी, वाचनालयं, तालमी यांनी प्रश्न सुटत नाही, कारण दोष माणसात नाही, त्याच्याभोवतीच्या परिस्थितीत आहे. विहिरी, शाळा, चावडी यांच्यावरचा हक्क मिळवून द्या, त्यात मारामारीची वेळ आली तरी मागे हटू नका. आणि तिसरी गोष्ट त्यांनी सुचवली ती मला सगळ्यात मोठी वाटते. सवर्णांनी अस्पृश्यांना आपल्या घरात येऊ द्यावं, पाहुणे म्हणून, नाहीतर निदान नोकर म्हणून तरी. दोन माणसं एका छपराखाली वावरली तरच मनातला परकेपणा जाईल, असं त्यांचं म्हणणं.

त्या पत्राची साधी पोचसुद्धा आली नाही, असं बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या पुस्तकात नमूद करून ठेवलं आहे. बघा म्हणजे. आमच्याकडून चाळीस पोरांची आभारपत्रं हवीत, आणि आमच्या सगळ्यात मोठ्या माणसानं विचारपूर्वक लिहिलेल्या पत्राची पोच नाही. आभाराचं पत्र असतं तर आली असती. यात प्रश्न होते.

पुढे संघाच्या कार्यकारी मंडळात अस्पृश्य प्रतिनिधी असावेत अशी मागणी घेऊन लोक गांधीजींना भेटले. उत्तर मिळालं की हे काम सवर्णांचं प्रायश्चित्त आहे, पैसा त्यांनी जमवलेला आहे, तेव्हा मंडळावर बसायचा हक्क अस्पृश्यांना नाही. प्रायश्चित्त या शब्दाकडे नीट पाहा. प्रायश्चित्त घेणाऱ्याला आपलं मन शुद्ध करायचं असतं. समोरचा माणूस त्याला साधन म्हणून लागतो. गंगा लागते तसा. गंगेला कुणी विचारत नाही, बाई गं, आम्ही तुझ्यात पाप धुतो ते तुला चालतं का?

शहरातल्या शाळांचं आज हेच चालतं, फक्त पापाच्या जागी ‘अनुभव’ आला आहे. आमच्या मुलांना समाजाचा अनुभव मिळावा म्हणून आम्ही वस्तीत येतो. म्हणजे आमची वस्ती त्यांच्या पोरांचं प्रगतिपुस्तक.

शिष्यवृत्तीचा मुद्दा काढणाऱ्या पोरालाही उत्तर द्यायला हवं, कारण तो मुद्दा चुकीचा नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. पण त्याचा करार झाला होता. शिकून आल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षं नोकरी करायची. म्हणजे तू मला आज दे, मी तुला उद्या देईन. अदलाबदल होती. घेणाऱ्याकडे देण्यासारखं काही आहे हे देणाऱ्यानं मानलं होतं आणि कागदावर उतरवलं होतं. म्हणून ती भीक नव्हती. पण गोष्ट इथं संपत नाही. १९१७ साली ते करार पाळायला बडोद्याला गेले तेव्हा ज्या शहरानं त्यांना शिष्यवृत्ती दिली त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशांच्या खानावळीतून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. साडेअकरा पौंड द्यायला खजिना पुरतो. खोली द्यायला शेजार लागतो, आणि तो महाराजांच्याही हुकमात नव्हता.

आता आपल्या खानदेशाकडे येतो. मुलामुलांना जोडायची गोष्ट निघाली की इथं साने गुरुजींचं नाव निघणारच. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये ते १९२४ ते १९३० शिक्षक होते. वसतिगृहाचं कामही त्यांच्याकडे होतं. मुलं शाळेत गेली की हा माणूस त्यांच्या खोल्या झाडायचा, अंथरुणं नीट घालायचा, हे सर्वांना माहीत आहे. आयुष्याच्या शेवटी त्यांना आंतरभारतीचा ध्यास लागला होता. एका प्रांतातल्या पोरांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, एकमेकांकडे राहावं. त्यात मला एक गोष्ट पटते. त्यात दान नव्हतं. तमिळ मुलाची भाषा मराठी मुलानं शिकायची आणि मराठी मुलाची त्यानं. दोघांकडे देण्यासारखं आहे, दोघं विद्यार्थी.

टोचते तीही सांगतो. दुसऱ्या प्रांताला जोडणारा पूल बांधायचा उत्साह आपल्या मध्यमवर्गाला नेहमीच असतो. तमिळनाडू त्यांना जवळचा वाटतो, गावाबाहेरची वस्ती लांबची वाटते. पण हा आरोप गुरुजींवर चालत नाही. त्यांनी महाराष्ट्रभर हिंडून मग १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला दहा दिवस उपास केला आणि विठोबाचं देऊळ उघडलं. आपल्याला त्या देवळात जायचं नव्हतं, तो रस्ता आपण सोडला होता, ही गोष्ट वेगळी. आरोप आहे तो त्यांच्या मागून आलेल्यांवर. त्यांनी गुरुजींचं रडणं घेतलं, झाडू घेतला नाही.

झाडूवरून साताऱ्याचं बोर्डिंग आठवतं. भाऊराव पाटलांनी ते १९२४ साली काढलं. महार, मराठा, मुसलमान, जैन अशी सगळी पोरं एकत्र. धनिणीच्या बागेत राहायची, पाणी भरायची, स्वयंपाक करायची, शेतात राबायची आणि एका पंगतीत जेवायची. पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. मुलामुलांना जोडायचं म्हणतात ना, त्याचं याहून मोठं उदाहरण मला महाराष्ट्रात दिसत नाही. तिथं सेवा होती, पण कुणी कुणाची करत नव्हतं. सगळे मिळून भांडी घासत होते. घासलेल्या ताटात सगळेच जेवत होते.

बाहेरच्या जगातही हे दोन्ही प्रकार आहेत. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, अमेरिकेत शाळकरी मुलांची ज्युनियर रेडक्रॉस निघाली. तिथली मुलं खोक्यांत साबण, पेन्सिली, खेळणी भरून युद्धात होरपळलेल्या देशांतल्या मुलांना पाठवायची. पण त्याच संघटनेत दुसरीही रीत होती. एका देशातल्या शाळेनं आपल्या गावाची चित्रं, फोटो, माहिती लावलेली वही तयार करून दुसऱ्या देशातल्या शाळेला पाठवायची आणि त्यांनी आपली वही परत पाठवायची. खोकं एका दिशेनं जायचं. वही दोन्ही दिशांनी. मला निवडायला सांगितलं तर थंडीत खोकं घेईन, पण मैत्री म्हणाल तर वहीलाच म्हणेन.

आपल्या धम्मातही पाहा. बाबासाहेबांनी करुणेवर थांबू नका, मैत्रीपर्यंत जा, असा बुद्धाचा विचार ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये मांडला. आपण हे वाक्यासारखं घोकतो. पण दानाची आपली रीत कशी आहे? वर्षावासात आपण भन्तेजींना भोजनदान देतो. वाकतो कोण? देणारा वाकतो. घेणारा ताठ बसलेला असतो आणि तो आभार मानत नाही. तो धम्म सांगतो, ते त्याचं देणं. कुणी आजवर भन्तेजींकडून आभाराचं पत्र घेतलं आहे? भोजनदानाचा आनंद देणाऱ्यालाच होतो, म्हणून वाकायचं त्यानं. आता कल्पना करा की शहरातली ती मुलं आली आणि बूट देताना आमच्या पोरांपुढे वाकली. हसू येतं ना? का येतं याचा विचार करा.

इथवर मी दुसऱ्यांना सुनावलं. आता माझी पाळी.

१९८४ साली आम्ही दहा-बारा कार्यकर्ते जुने कपडे आणि वह्या घेऊन यावल तालुक्यात सातपुड्यातल्या एका पावरा पाड्यावर गेलो. आम्हाला वाटत होतं की आपण शिकलो, आता आपल्याहून खालच्यांना हात द्यायचा. ‘खालच्यांना’ हा शब्द तेव्हा आम्ही बिनदिक्कत वापरला. पोरांना रांगेत उभं केलं. कपडे वाटले. मी मराठीत भाषण ठोकलं, शिक्षणाचं महत्त्व वगैरे. पोरं माझ्या तोंडाकडे पाहत होती. त्यांची भाषा पावरी. त्यांना माझ्या भाषणातलं किती कळलं हे मी विचारलं नाही. त्यांची भाषा मला येत नाही याची लाज मला वाटली नाही, माझी त्यांना येत नाही याची कीव मात्र आली.

नंतर एका म्हाताऱ्यानं झोपडीतून पाण्याचा तांब्या आणला. आमच्यातला एकजण, भाषणं करणारा, चवदार तळ्यावर तास तास बोलणारा, मागे सरकला. नको म्हणाला. नंतर आमच्याकडे वळून हळूच म्हणाला, “इकडचं पाणी घाण असतं, पोट बिघडेल.” म्हाताऱ्याला मराठी कळत नव्हती, पण मागे सरकलेलं पाऊल कळलं. त्यानं तांब्या परत नेला. मी त्याला हाक मारली नाही. मला तहान लागली होती, खूप लागली होती, तरी मी हाक मारली नाही. परतताना जीपमध्ये कुणी त्याच्यावर बोललं नाही. गाणी म्हटली.

दर वर्षी २० मार्चला मला १९२७ च्या महाडाबरोबर तो तांब्या आठवतो. पाण्याचा प्रश्न काय फक्त आम्हाला भरू देत नाहीत एवढाच आहे? दुसऱ्यानं दिलेलं आम्ही पितो का, हाही आहेच की. त्या पाड्यावर देण्यासारखं पाणी होतं आणि आम्ही ते घेतलं नाही, कारण आम्ही द्यायला गेलो होतो. देणाऱ्याला तहान लागलेली चालत नाही.

म्हणून त्या शहरातल्या मुलांवर मला फार रागावता येत नाही. त्यांच्या वयाचा असताना मी रेघ मारलेलं पत्र लिहिलं होतं, आणि बावीसाव्या वर्षी मीच दुसऱ्यांच्या पत्रावर रेघ मारली.

दुसरी बैठक झाली तेव्हा मी बोललो. म्हटलं, बोलवा त्यांना. पण पहिलं पत्र आपण पाठवू, आणि तेही आभाराचं नाही. कार्यक्रम ठरवायला आपल्या वस्तीतल्या दोन आया आणि चार पोरं बसतील. भिंती रंगवायच्या तर दोन्हीकडच्या पोरांनी मिळून रंगवायच्या, आणि रंग कोणता हे अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरांनी ठरवायचं, निळाच असणार ते सोडा. जेवण आमच्याकडे, आमच्या घरांत, कळण्याची भाकर आणि भरीत. जो जेवणार नाही त्यानं रंगवू नये. फोटो निघाले तर दोन्ही शाळांच्या हातात निघावेत. आणि पुढच्या महिन्यात आपली पोरं त्यांच्याकडे जातील. वस्तू द्यायच्याच असतील तर मोठ्यांनी मोठ्यांना द्याव्यात, मंडळाच्या नावानं, पावती घेऊन. पोरांच्या हातून पोरांना नको.

एक पोरगी उठली, बारावीतली. म्हणाली, “काका, हे सगळं बरोबर आहे. पण ते नाही म्हणाले तर माझ्या भावाला बूट नाहीत. जूनमध्ये शाळा सुरू होते.”

सगळे गप्प झाले. मलाही आई आठवली, चुलीपाशी बसलेली. मी म्हटलं, ते नाही म्हणाले आणि नुसते बूटच पाठवले, तर बूट घ्यायचे. धन्यवाद म्हणायचं. पण त्याला मैत्री म्हणायचं नाही. तिचं समाधान झालं असं मला वाटलं नाही. माझंही झालेलं नाही. बुटांसाठी आम्ही त्याच रात्री वर्गणी काढली. चौदा जोड लागत होते, अकराचे पैसे जमले.

पत्र पोरांनी लिहिलं. मी एक अक्षर बदललं नाही, फक्त ऱ्हस्व-दीर्घ दाखवले, तेही त्यांनी निम्मेच मानले. त्यात लिहिलंय की आमच्याकडे पॉवर हाऊस आहे, पहिला संच आता बंद झाला पण मोठे नवे आलेत. इथं राख पडते, तुमच्याकडे काय पडतं? तुमच्या शाळेत झाडू कोण मारतं आणि त्यांची मुलं कुठल्या शाळेत जातात? तुमच्यातल्या कुणाला पावरी येते का? आम्हाला पण येत नाही, मिळून शिकायची का? वस्तीतल्या सगळ्यात लहान मुलीनं शेवटी वेगळ्या पेनानं एक ओळ घातली आहे: आम्ही तुमच्याकडे आलो की रात्री कुणाच्या घरी झोपायचं?

पत्र टाकून अठरा दिवस झाले.